रात्री जागणारा शेरू : कोल्हापूरच्या पावसाळ्यातलं एका बिअर्डेड ड्रॅगनचं प्रकरण

राजारामपुरीतल्या एका घरातला चौदा महिन्यांचा नर बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा, नाव शेरू. जुलै उजाडल्यापासून तो दिवसा डोळे मिटून पडायचा आणि रात्री काच ओरबाडत बसायचा. खाणं जवळजवळ बंद झालं होतं. वजन ४१० ग्रॅमवरून ३६२ ग्रॅमवर आलं होतं आणि दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, वरचेवर काळी पडत होती. पावसाळी गारठा बाधला असेल म्हणून घरच्यांनी रात्रीची ऊब वाढवली, तसं दुखणंही वाढत गेलं. मी सरडे-पाली पाळणाऱ्यांना टँकची मांडणी लावून देतो. पावसाळ्यात असा उपाय केलेली घरं मला बरीच भेटतात, आणि तो सगळे मायेपोटीच करतात. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून सांगतो.

आधी एक खुलासा. शेजाऱ्यांनी या घरात ‘घोरपड पाळलीय’ अशी कुजबुज चालवली होती. घोरपड हा आपला वन्यजीव. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तिला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे आणि ती घरात ठेवणं हा गुन्हा आहे. बिअर्डेड ड्रॅगनचा घोरपडीशी काही संबंध नाही. तो ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या भागातला सरडा. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स, त्याचं वर्णन १९२६ साली झालं. ऑस्ट्रेलियानं आपल्या प्राण्यांची व्यापारी निर्यात १९६०च्या दशकातच थांबवली, त्यामुळे बाहेरच्या देशांत जे पाळले जातात ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. तरीही परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आता आपल्याकडे कडक झालेत, म्हणून खरेदीचे कागद मी आधी बघतो. या घरात ते फाइलला लावून ठेवलेले होते.

घरात काय दिसलं

टँक तीन फुटी, हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. वर जाळीचं झाकण आणि जाळीवर शंभर वॅटचा लाल बल्ब. हा बल्ब दुकानदारानं ‘नाइट बल्ब’ म्हणून दिला होता: प्राण्याला लाल दिसत नाही, रात्रभर लावा, झोप मोडत नाही. दिवसाचा पांढरा बल्ब जूनमध्ये गेला, तेव्हापासून दिवसालाही हाच. यूव्हीबीसाठी, म्हणजे उन्हात असतात तशा अतिनील किरणांसाठी, पिळाचा छोटा दिवा होता, तो शेरू आला त्या दिवसापासूनचा. काचेच्या मधोमध एक चिकटवलेला गोल तापमापक. त्याचा काटा दिवसरात्र तिशीच्या आसपास.

याच काट्यावर घरच्यांचा भरवसा होता. मुलगा कॉलेजात शिकतो, वहीत रोज आकडा लिहायचा. त्यानं वही पुढे केली आणि म्हणाला, “दादा, टेंपरेचर एकदम स्टेबल आहे बघा.” आकडे खरेच होते. पण तापमान दिवसरात्र एकसारखं आहे, याचीच मला काळजी वाटली.

मुलाचे वडील, म्हणजे काका, शिरोलीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. मोटारी आणि बेअरिंग किती तापलेत ते बघायची टेंपरेचर गन त्यांच्या बॅगेत असते. ती या कामाला उत्तम, कारण ती हवेचं तापमान न दाखवता ज्या पृष्ठभागावर धरू त्याचं दाखवते, आणि सरडा पोटानं त्या पृष्ठभागालाच टेकलेला असतो. काकांनी बल्बखालच्या दगडावर ती धरली. दुपारची वेळ, आकडा ३३. तिथं ४० हवेत. मग मी तारेचा सेन्सर असलेला, कमाल-किमान लक्षात ठेवणारा डिजिटल तापमापक त्याच दगडावर ठेवून आलो. सकाळी मुलानं फोटो पाठवला. रात्रीची किमान ३१.

म्हणजे त्या टँकमध्ये दिवस आणि रात्र यांत दोन अंशांचाच फरक होता. जुलैच्या मुसळधार पावसात, बाहेर एकवीस-बावीस अंश असताना, हे झालं कसं?

कारण साधं निघालं. दिवसा हॉलची खिडकी उघडी आणि वर छताचा पंखा. जाळीतून वर येणारी ऊब पंखा उडवून लावायचा, म्हणून दगड ३३च्या वर जातच नव्हता. रात्री गारठा म्हणून खिडकी बंद, पंखा बंद, आणि मुलाची आई, म्हणजे काकू, टँकवर जुनी चादर टाकायच्या. बल्ब तोच, पण ऊब आतच कोंडायची. तापलेल्या बल्बजवळ चादर हा आगीचा धोका आहे, तो त्याच दिवशी थांबवला.

निदान

मुलानं इंटरनेटवर वाचून एक तर्क बांधला होता. ऑस्ट्रेलियात जुलै म्हणजे हिवाळा, तेव्हा शेरू ब्रूमेशनमध्ये, म्हणजे थंडीतल्या सुस्तीत गेला असणार. तर्क विचार करून केलेला होता, म्हणून मी तो तिथल्या तिथे खोडला नाही. पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. एक तर या प्राण्याचं शरीर ज्या छपराखाली तो राहतो तिथला उजेड आणि ऊब धरून चालतं. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या प्राण्यात दक्षिण गोलार्धाचं कॅलेंडर सहसा उरत नाही. दुसरं, सुस्तीत गेलेला ड्रॅगन रात्रीही झोपतो, आणि त्याचं वजन फारसं उतरत नाही, कारण शरीराचा खर्चच मंदावलेला असतो. शेरू रात्री जागत होता आणि भराभर उतरत होता. ही सुस्ती नव्हे, हा थकवा.

तरी नुसत्या अंदाजावर राहू नये, म्हणून आधी त्यांना पशुवैद्यांकडे पाठवलं. खाणं बंद झालेल्या ड्रॅगनमध्ये कोक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), आतड्यात अडकलेला घास आणि हाडांचा आजार या तीन गोष्टी बघायलाच हव्यात. शेण तपासलं, त्यात पिनवर्म या जंतांची थोडी अंडी होती, कोक्सिडिया नव्हते. एक्स-रेत अडथळा नाही, हाडं ठीक. शेणाबरोबर पडणारा युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, पांढरा भाग पिवळसर आणि कडक होता, म्हणजे पाणी कमी पडत होतं. पशुवैद्यांनी जंताचं औषध लगेच दिलं नाही. अंडी थोडी आहेत, आधी राहणी सुधारा, मग पुन्हा तपासू, असं ते म्हणाले. मला तो निर्णय पटला. आधीच खंगलेल्या प्राण्यावर औषधाचा भार कशाला?

आता राहणीत नेमकं काय बिघडलं होतं ते बघू.

ड्रॅगनच्या शरीराला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. उन्हात बसून तो अंग पस्तीस-छत्तीस अंशांपर्यंत नेतो आणि त्या तापमानाला त्याचं पचन आणि रोगाशी लढायची ताकद नीट चालते. कातडीत यूव्हीबीमुळे जे तयार होतं, त्याचं ड जीवनसत्त्वात रूपांतर व्हायलाही ऊबच लागते. ३३च्या दगडावर तो दिवसभर बसला तरी अंग पुरेसं तापत नव्हतं. पोटात गेलेलं पचत नव्हतं, म्हणून तो खायचं टाळत होता. दिव्याचंही वय झालं होतं. यूव्हीबीचा दिवा दिसायला उजळ राहतो, पण आतली अतिनील किरणं महिन्यागणिक घटतात, आणि वरची जाळीही त्यातली बरीच अडवते.

रात्री सगळं याच्या उलट. त्याच्या मूळ मुलखात सूर्य मावळला की जमीन झपाट्यानं निवते. अंग गार होतं, सगळा कारभार मंदावतो आणि प्राणी झोपतो. उजेड जाणं आणि ऊब उतरणं हे त्याला झोपेचे दोन इशारे. शेरूला दोन्ही मिळत नव्हते. सरड्याला लाल दिसत नाही हे दुकानदाराचं म्हणणं साफ चुकीचं आहे. त्याला लाल उजेड दिसतो. शिवाय त्याच्या डोक्यावर मधोमध एका खवल्याखाली तिसरा डोळा असतो. त्यानं आकृती दिसत नाही, पण उजेड-अंधार कळतो. रात्रभर डोक्यावर लाल बल्ब म्हणजे त्याच्या लेखी न मावळणारा सूर्य.

या झोपेबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१६ साली फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेतल्या जिल लॉराँ यांच्या गटानं झोपलेल्या बिअर्डेड ड्रॅगनच्या मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवल्या. सरड्यातही गाढ मंद लहरींची झोप आणि डोळे हलणारी रेम झोप, अशा दोन्ही अवस्था आलटूनपालटून येताना दिसल्या. आपल्याकडे असं एक चक्र सुमारे दीड तासाचं असतं, त्यांचं साधारण ऐंशी सेकंदांचं. एका रात्रीत अशी शेकडो चक्रं होतात. तोवर अशी झोप सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्यातच असते असं मानलं जायचं. मी हे सांगत होतो तेव्हा काकू टँककडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे ह्याची झोप आपल्यासारखीच की ओ. आणि आम्ही महिनाभर ती मोडतोय.” त्यांना वाईट वाटलं. पण चूक त्यांची नव्हती. चुकीचा दिवा चुकीच्या माहितीसकट विकला गेला होता. रात्रीसाठी म्हणून लाल बल्ब विकणं बंदच व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

काय बदललं

पहिलं म्हणजे लाल बल्ब काढला. टँक हॉलमधून मागच्या खोलीत हलवला, जिथं टीव्ही नाही आणि साडेआठनंतर कुणी दिवा लावत नाही. तिथं वाय-फायच्या डब्याचा निळा ठिपका रात्रभर लुकलुकायचा, त्यावर काळी चिकटपट्टी लावली. टँकच्या तीन बाजूंना बाहेरून जाड कागद लावला. त्यानं उजेडही अडतो आणि काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब बघून दाढी काळी करणंही कमी होतं.

दिवसासाठी पांढरा हॅलोजन आणला. बल्ब वरच ठेवला आणि खाली एक रुंद, खडबडीत ओंडका आडवा असा बसवला की ड्रॅगनची पाठ बल्बच्या योग्य अंतरावर येईल. काका गन धरून होते, मुलगा ओंडका वरखाली करत होता. ४६ आले, खाली घेतला, ३८ आले, जरा वर. शेवटी ओंडक्याच्या माथ्यावर ४१ आणि टँकच्या दुसऱ्या टोकाला २६. हा फरक फार महत्त्वाचा आहे. तापायचं की निवायचं हे प्राण्याला स्वतः ठरवता आलं पाहिजे. छताचा पंखा या खोलीतही आहे, पण दिवे चालू असताना तो लावायचा नाही असं ठरलं.

यूव्हीबीचा पिळाचा दिवा जाऊन लांब नळीचा टी-५ आला. तो जाळीच्या आतून बसवला आणि प्लगवर तारीख लिहिली, वर्षानं बदलायचा म्हणून.

वेळ ठरवली सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात. त्यासाठी टायमर घेताना मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण ती आपल्या गावाला लागू आहे. खुंट्यांचा यांत्रिक टायमर लाइट गेली की थांबतो आणि लाइट आली की तिथूनच पुढे चालतो. पावसाळ्यात दोन-तीन तास लाइट जाणं काही नवलाचं नाही. आठवडाभरात ड्रॅगनची सकाळ दुपारवर जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घेतला.

खाण्याचीही वेळ बदलली. मुलगा क्लासहून आला की रात्री नऊला किडे द्यायचा. आता पहिलं खाणं दिवे लागल्यावर दीड-दोन तासांनी, अंग तापल्यावर, आणि शेवटचं दुपारी चारच्या आत. दिवे गेल्यावर अंग गार होतं, पचन थांबतं, आणि भरलेलं पोट तसंच राहतं. सुरुवातीला पाण्याचा अंश वाढवायला शेवग्याचा कोवळा पाला, जास्वंदीची फुलं आणि किसलेला लाल भोपळा पाणी शिंपडून दिला.

पहिल्या रात्री

सगळ्यात अवघड भाग इथं होता, आणि तो प्राण्याचा नव्हता, माणसांचा होता. पहिल्याच पहाटे काकूंचा फोन आला. “दादा, गार पडलंय ओ हे. पोटाला हात लावला तर बर्फागत लागतंय. रात्रभर काय तरी ऊब नको व्हय?”

मी काकांना गन धरायला सांगितलं. पाठीवर २३, खालच्या लादीवर २३, भिंतीवर २३. शेरू खोलीइतकाच गार होता, ना कमी ना जास्त. आपल्या हाताची ऊब तीस-बत्तीसची, म्हणून तेवीसचं पोट आपल्याला गार लागतं. ड्रॅगनला रात्री १८ ते २४ अंश चालतात, नव्हे तेच त्याला हवे असतात. मी काकूंना म्हटलं, रंग बघून सांगा. त्या म्हणाल्या, फिकट दिसतोय, पिवळट. हे चिन्ह मला हवं होतं. हे प्राणी अंधारात रंग फिका करतात आणि सकाळी ऊन शोषायला पाठ गडद करतात. चादरीखालच्या त्या लाल रात्रींत शेरू कायम गडद असायचा, हे मुलाच्या मोबाइलमधल्या जुन्या फोटोंत स्पष्ट दिसत होतं.

झोप लगेच सुधारली नाही. सुरुवातीच्या काही रात्री मध्येच टकटक ऐकू यायची. मग ती थांबली. तो संध्याकाळी दिवे जायच्या अर्धा तास आधी स्वतःच ओंडक्याच्या मागे जाऊन अंग चपटं करून पडायला लागला. सकाळी दिवे लागले की वर चढायचा, पाठ गडद, तोंड थोडं उघडं. तोंड उघडं ठेवणं म्हणजे आजार नव्हे. अंग पुरेसं तापल्यावर जास्तीची ऊब तो तोंडावाटे टाकतो. काकूंना तेही समजावून सांगावं लागलं.

आधी शेण सुरू झालं, मग भूक. जास्वंदीचं फूल त्यानं मुलाच्या हातातून ओढून घेतलं, त्याचा व्हिडिओ मला आला. पंधरवड्यानं वजन ३७०, ऑगस्टअखेर ३८८. दुसऱ्या तपासणीत पिनवर्मची अंडी पहिल्याहून कमी होती. औषध द्यावं लागलं नाही.

एक गोष्ट अपेक्षेहून चांगली झाली. पावसाळ्यात आपल्या घरांतली दमट हवा या कोरड्या मुलखातल्या प्राण्याला सोसत नाही. छातीचे आणि कातडीचे बुरशीजन्य आजार त्यातून होतात, आणि त्यातला यलो फंगस तर जीवघेणा. मी आर्द्रता उतरवायला वेगळं काही योजणार होतो. पण दिवसा टँक नीट तापायला लागला तशी आतली आर्द्रता दुपारी पन्नाशीखाली यायला लागली. तापलेल्या हवेत तीच वाफ तुलनेनं कमी भरते, एवढंच त्यामागचं कारण. पाण्याचं भांडं थंड टोकाला नेलं आणि तळाची ओली होणारी चटई काढून फरशीचे तुकडे घातले. बाकी काही लागलं नाही.

लाइट गेली तेव्हा

ऑगस्टमध्ये एका संततधार पावसात सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाइट नव्हती. इन्व्हर्टर दुपारीच बसला. मुलाचा पहिला विचार गरम पाण्याची बाटली टँकमध्ये ठेवायचा होता. मी नको म्हटलं. निरोगी, मोठा ड्रॅगन एक दिवस तेवीस अंशांवर निवांत काढतो. त्या दिवशी त्याला खायला देऊ नये, एवढं पाळलं की झालं. पोटात घास आणि अंग गार, ही जोडी बाटलीपेक्षा घातक. शेरू दिवसभर झोपला. दुसऱ्या दिवशी दिवे लागले, तापला, दुपारी खाल्लं. तेव्हापासून घरात ठरलंय की इन्व्हर्टरवर आधी सकाळचे तीन तास हॅलोजन आणि यूव्हीबी, उरलं तर बाकीचं.

सप्टेंबरअखेर वजन ४०५ झालं. दाढी काळी दिसते ती काचेतला दुसरा ‘शेरू’ बघितल्यावर, तेवढ्यापुरती.

डिसेंबरमध्ये मुलानं पुन्हा विचारलं, आता तरी हीटर? त्या काळात कोल्हापुरात बाहेरचा पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो, पण बंद खोली तितकी निवत नाही. डिजिटल तापमापकावर टँकमधली सगळ्यात गार रात्र १९ची निघाली. १८च्या खाली जायला लागलं तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवर, असं ठरवून तो आणून ठेवलाय. अजून खोक्यातच आहे. दिवस मात्र साडेदहा तासांचा केला, त्यानं शेरू थोडा मंदावला, वजन ४०० ग्रॅमला धरून राहिलं. या वेळची सुस्ती खरी होती, आणि मुलाला ती ओळखता आली.

राहिला प्रश्न उन्हाळ्याचा. एप्रिलमध्ये त्या खोलीत दुपारी तेहतीस-चौतीस होतात आणि तीन फुटी टँकचं थंड टोकही तिथंच जाईल. मग निवायला जागाच उरणार नाही. बल्ब कमी वॅटचा करून थोडं भागेल, पण खरा उपाय चार फुटी, दोन फूट खोल टँक. काकांनी उद्यमनगरात अँगलची फ्रेम करायला टाकली आहे, काच मार्चपर्यंत बसेल.